जुनी स्विफ्ट: एकच शॉकअप बदलू की जोडी? ऑइलचे की गॅसचे?

धुळे_१८:
गाडी २००९ची स्विफ्ट पेट्रोल, १ लाख ३० हजार किमी झालेत. पुढचा डावा शॉकअप तेलाने ओला आहे, मागचा भाग खड्ड्यानंतर दोन-तीनदा हेलकावतो. पुढचे टायर आतल्या कडेने झिजलेत. गॅरेजवाला म्हणतो डावा एकटा बदला, नाहीतर त्यातच तेल भरून देतो. धुळे-चाळीसगाव रोजचं, अधूनमधून कन्नड घाट. काय करावं?

केळीबाग_१९:
तेल भरून घेऊ नका भो. गळती सीलमधून होते. नळीला भोक पाडून तेल भरलं नि वेल्डिंगने बुजवलं तरी सील तेच झिजलेलं राहतं आणि गॅसचा असेल तर आतला नायट्रोजन गेलेलाच असतो. पहिल्या उन्हाळ्यात पुन्हा गळणार.

एकटा डावाही नको. घाटात वळणावर ब्रेक दाबला की नवी बाजू गाडी धरते, जुनी डुलते. एका ॲक्सलचे (पुढचे किंवा मागचे) दोन्ही एकदमच. तुमचे मागचेही गेलेले दिसतात, म्हणजे चारही. पैसे कमी असतील तर आधी पुढची जोडी.

'गॅसचा' म्हणतात त्यातही तेल असतंच, वर फक्त दाबाखालचा नायट्रोजन असतो. सलग खडबडीत रस्त्यावर पिस्टन भराभर चालतो, साध्या शॉकअपमध्ये तेलाला फेस येतो आणि झटका जिरवणारा रोध संपतो. जळगाव-भुसावळकडचं मे महिन्याचं ऊन धरलं तर गॅसचेच घ्या. गॅब्रिएल, मन्रो, केवायबी, कुठलेही. पण गाडीच्या कंपनीने ठरवलेल्याच रेटिंगचे. 'खराब रस्ता म्हणून हार्ड टाका' हा सल्ला उलटा आहे. हार्ड शॉकअपने दाबलेलं चाक वेळेत खाली येत नाही, तेवढ्यात पुढचा खड्डा येतो आणि दणका सरळ बॉडीला. पार्ट चेसिस नंबर देऊनच मागा, डिझेलचं इंजिन जड असल्याने त्याचे पुढचे पार्ट वेगळे.

आतल्या कडेची झीज मात्र शॉकअपची नाही. शॉकअप गेला की टायरला टप्प्याटप्प्याने खळगे पडतात. आतली कड खाल्ली म्हणजे टो-कॅम्बर (चाक आत-बाहेर वळण्याचे-कलण्याचे कोन) बिघडलंय. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश आणि बॉलजॉइंट आधी पाहा, नाहीतर नवे टायरही तसेच जातील.

तोरणमाळ_३९:
वरच्यात भर. पुढच्या स्ट्रटसोबत (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र जोड) वरचं माउंटिंग, बेअरिंग, बम्प स्टॉप (पूर्ण दबल्यावर दणका झेलणारं रबर) आणि दांड्यावरचा रबरी बूट नवे टाकाच. बूट फाटका राहिला की काळ्या मातीचा चिखल दांड्यावर बसतो, वाळतो आणि दर झटक्याला सील घासतो. लिंक रॉड (गाडी वळणात कलू न देणाऱ्या बारला जोडणारे छोटे दांडे) ढिले असतील तर तेही आत्ताच. नवे शॉकअप टाकूनही खडखड राहिली की बहुतेक वेळा तेच निघतात.

मेकॅनिकजवळ उभे राहून इतकं बघा. वरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय उघडायचा नाही, स्प्रिंग उडून जीव जाऊ शकतो. दांडा पक्कडीने धरायचा नाही, ॲलन की लावायची. क्रोमवर ओरखडा पडला की नवं सीलही महिन्याभरात कापलं जातं. नवा स्ट्रट उभा धरून तीन-चारदा पूर्ण दाबून ओढायचा, आत अडकलेली हवा निघते. स्ट्रट सुटल्यावर नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर झुकतो, तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही. ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंटही निसटू शकतो, म्हणून तारेने बांधा. मागे स्प्रिंग वेगळी आहे, काम सोपं. पण बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं.

मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या. नकलचे बोल्ट उघडले की कॅम्बर हलतोच.

धुळे_१८:
आत्ता सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. पुढची डावी बाजू १५ मि.मी. खाली आहे. नव्या शॉकअपने येईल का वर?

केळीबाग_१९:
नाही, भाऊ. उंची स्प्रिंग धरते. दोन्ही बाजू पुन्हा एकदा मोजा. तरी फरक राहिला तर स्प्रिंगच्या सगळ्यात खालच्या वेढ्याचा तुकडा पडलाय का पाहा, गंज धरून तिथेच तुटते. तुटली किंवा बसली असेल तर तीही जोडीनेच. वेढ्यांत रबरी बफर ठोकून उंची आणू नका. तेवढे वेढे आखडतात आणि ताण उरलेल्यांवर जातो.