आचेनी लग्नाला काय न्यावं? (बजेट ३००० रुपये)

केएलची_केतकी: नमस्कार मंडळी. ऑफिसातल्या मैत्रिणीचं लग्न आहे, सुमात्राच्या टोकाला, बांदा आचेजवळ. भेट काय द्यावी? ३००० च्या वर एक रुपया नाही. आणि नेसायला साडी चालेल का?

सोनेरी_काका: सोनंच द्या. तिकडे मेहेरसुद्धा मायममध्ये ठरतो, एक मायम म्हणजे साधारण ३.३ ग्रॅम. मी भाचीला १ ग्रॅमचं नाणं दिलं होतं, अजून नाव काढते.

पोटोबा: काका, मेहेर नवरदेव देतो, पाहुणे नाही. आणि ३००० त १ ग्रॅम कुठल्या पेढीवर मिळतो ते आम्हालाही कळवा. केतकीताई, भेटीचं सोडा, कुआह बुलांगोंग चुकवू नका. भल्यामोठ्या कढईत मटण, त्यात कच्चा फणस नाहीतर केळीचा गाभा. रांधणारे सगळे बाप्ये.

शुद्ध_शाकाहारी: केळीचा गाभा आम्हाला चालतो.

पोटोबा: मटणात आहे हो तो!

मेदानची_सून: आधी आमंत्रण कुणाकडचं ते बघा. नवरदेव वरातीने मुलीकडे येतो तो इंतात लिंतो. मुलाकडे नवरीचं स्वागत, तुएंग दारा बारो, हा वेगळा समारंभ, बरेचदा काही दिवसांनी. आमच्या ह्यांनी पत्रिका न वाचता तिकिटं काढली, पोचलो तर मांडव उतरवत होते.
मैत्रीण नवरी असेल तर मेंदीच्या रात्री जा. तेव्हा पुसिजुएक बघायला मिळेल. थोरल्या बायका पानांच्या जुडीने पाणी शिंपडतात, तांदूळ टाकतात, पिवळ्या चिकट भाताची चिमूट नवरीच्या उजव्या कानामागे लावतात. डोकं थंड राहो, नातं चिकटून राहो, असा भाव. मग हातात पैसे ठेवतात. पाहुण्यांनी पाकीट द्यावं, हेच रीतीला धरून.
साडी चालेल, पण आचेत शरिया कायदा आहे. पोट-पाठ झाकलेली, बाह्या मनगटापर्यंत.

इतिहासाचा_किडा: पुसिजुएक मूळची हिंदू प्रथा. अक्षताच त्या.

मेदानची_सून: तिकडच्या काही मौलवींनाही तसंच वाटतं, म्हणून ते नाकं मुरडतात. बाकीचे दुआ म्हणून करतात. तुमचा वाद त्यांच्या घरात जुनाच आहे.

सोनेरी_काका: सोनं नाही तर चांदी तरी द्या.

पाकीटमार_नव्हे: पाकीट +१. वर सांगितलंय तेच.

केएलची_केतकी: सगळ्यांचे आभार. आमंत्रण मुलीकडचं आहे आणि मेंदीलाही बोलावलंय, मेदानच्या ताईंमुळे आता एक दिवस आधीचं तिकीट बघते. पाकीट ऑफिसचं एकत्र जाणारच आहे. माझ्याकडून सातारी कंदी पेढे, भाऊ येतोय तो आणेल. त्यांच्याकडेही तबकं भरून गोडधोड जातं म्हणे.

पोटोबा: त्या दमट हवेत? बुरशी धरेल.

शुद्ध_शाकाहारी: पेढे कुठले घेताय? राजवाड्याजवळचे घ्या.