मदत हवी आहे : सही राष्ट्रपतींची, मग सत्ता मंत्रिमंडळाची कशी?

नमस्कार. मी कोल्हापूरची, राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेचा अभ्यास करते. घटनेतल्या एका मुद्द्यावर घरी आजोबांशी वाद चाललाय आणि मला उत्तर सुचत नाही.

आजोबा म्हणतात, कलम 53 मध्ये केंद्राची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडे दिली आहे. कलम 77 प्रमाणे केंद्राचा कारभार त्यांच्याच नावानं चालतो. "सही ज्याची, सत्ता त्याची." 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा ते शाळेत होते. महाराजांचा हुकूम म्हणजे काय, हे त्यांनी पाहिलंय. त्यामुळं त्यांचं बोलणं मला सहज उडवून लावता येत नाही.

मी कलम 74 दाखवलं. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणेच वागायचं, हे 42 व्या दुरुस्तीनं (1976) स्पष्ट केलं. 44 व्या दुरुस्तीनं (1978) सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा दिली, पण फेरविचारानंतर येईल तो सल्ला पाळावाच लागतो. त्यावर आजोबा लगेच म्हणाले, "म्हणजे 1976 पर्यंत सत्ता त्यांचीच होती की!"

इथं मी अडकले. शिवाय कलम 111 खाली राष्ट्रपतींनी विधेयकावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही, तर? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद :
ताई, आजोबांची शंका रास्त आहे, पण 1976 नं नवं काही आणलं नाही. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत मसुदा मांडतानाच सांगितलं होतं, की राष्ट्रपतींचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे. ते राष्ट्राचे प्रमुख, कार्यकारी मंडळाचे नव्हेत. सर्वोच्च न्यायालयानंही 1974 च्या शमशेर सिंग खटल्यात हेच म्हटलं. दुरुस्तीनं रूढ अर्थ फक्त लेखी आणला.

विधेयकाचं म्हणाल तर कलम 111 मध्ये मुदतच नाही. 1986 चं टपाल विधेयक ग्यानी झैलसिंग यांनी ना सही करता, ना परत पाठवता तसंच ठेवलं. त्याचा कायदा झालाच नाही.

आणि फेरविचाराची मुभा नुसती नावाची नाही. 1997 मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली. मंत्रिमंडळानं ती पुन्हा पाठवली नाही.

धागाकर्ती :
खूप आभार, दादा. 1948 चं भाषण मिळवते आणि आजोबांनाच मोठ्यानं वाचायला देते. आंबेडकरांचा शब्द ते मोडत नाहीत.