वडिलांच्या नावावरची बारा बोअर दुनाळी: वारसाने आता काय करायचे?

आंबेवाट
वडील पाच महिन्यांपूर्वी वारले. त्यांच्या नावावर बारा बोअरची जुनी इंग्लिश दुनाळी आहे. परवाना पुढच्या वर्षीपर्यंतचा आहे, प्रयोजन 'आत्मसंरक्षण व शेतीसंरक्षण'. घर सावंतवाडी तालुक्यात, वस्तीपासून लांब. तिथे आई आणि मी राहतो, भाऊ मुंबईला, बहीण सासरी. बंदूक आणि ११ काडतुसे अजून कपाटातच आहेत. परवाना माझ्या नावावर कसा होईल? तोपर्यंत बंदूक घरात ठेवली तर चालेल का? आणि रात्री कोणी घरात घुसले, तर बार काढायचा अधिकार कुठपर्यंत?

टपालवही
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच तातडीचा आहे. नाही, चालणार नाही. परवाना माणसाचा असतो, घराचा किंवा बंदुकीचा नव्हे. त्यावर पुढच्या वर्षीची तारीख छापलेली असली तरी वडिलांबरोबर तो संपला. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २१ प्रमाणे असे हत्यार विनाकारण उशीर न लावता पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे असते. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षे आहे. मृत्यूनंतर स्वतःहून जमा करायला आलेल्या वारसाला सहसा कोणी त्रास देत नाही. झडतीत किंवा भाऊबंदकीच्या तक्रारीत ती सापडली, तर मात्र प्रकरण वेगळे वळण घेते.

बंदूक उचलून एसटीने नेऊ नका. आधी ठाण्यात लेखी अर्ज द्या: वडिलांचे नाव, मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, बंदुकीचा क्रमांक, काडतुसे ११. सोबत मृत्यूदाखला आणि मूळ परवाना. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि बंदूक कधी, कशी आणायची हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, नळीची लांबी आणि स्थिती लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. नुसते 'एक बंदूक' लिहिलेल्या पावतीवर पुढे काही सिद्ध होत नाही.

आता परवाना. शस्त्र नियम २०१६, नियम २५ मध्ये वारसाची तरतूद आहे. (तोच नियम जिवंतपणीही लागू होतो. धारकाचे वय ७० झाले, किंवा हत्यार बाळगून २५ वर्षे झाली, की त्याला वारस नेमता येतो. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी हे आत्ताच करून घ्यावे, पुढची निम्मी धावपळ वाचते.) तरीही हे सातबाऱ्यावर नाव चढवण्यासारखे नाही. तुमचा अर्ज नवाच धरला जातो: ऑनलाइन नमुना ए-१, वयाची २१ वर्षे पूर्ण, वैद्यकीय प्रमाणपत्र, पोलिस अहवाल. शिवाय वारसांचा पुरावा आणि आई, भाऊ, बहीण या तिघांची ना हरकत. लग्न झालेल्या बहिणीची सही राहिली म्हणून फाईल परत येते, हे नेहमीचे आहे. वडिलांचा युनिक क्रमांक (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) तुम्हाला मिळत नाही, तुमचा वेगळा पडतो. तुमच्याकडे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयात तो पोलिस आयुक्तांकडे जातो. नकार आला तर कारणांसह लेखी आदेश मागा, शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करता येते.

सत्रन्यायालय
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. परवाना म्हणजे गोळी झाडायची परवानगी, असा समज फार पसरलेला आहे. परवाना बंदूक बाळगण्याचा. आत्मसंरक्षणाचा अधिकार वेगळा, तो परवाना नसलेल्यालाही आहे. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ वाचा (१ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना दंडविधानाची ९६ ते १०६).

कलम ३७ आधी वाचा: पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा अधिकार नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. जीव घेण्यापर्यंत अधिकार कधी जातो, ते शरीराच्या बाबतीत कलम ३८ सांगते: मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला वगैरे. मालमत्तेसाठी कलम ४१: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा जिवाची अथवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशी चोरी वा गृहअतिक्रमण.

म्हणजे रात्री दोनला कोयता घेऊन कडी तोडणारा एक, आणि अंगणातून नारळ उचलून पळणारा दुसरा. पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे सापडले, तर बचाव जवळपास संपतो. 'पायावर मारली' हेही फारसे वाचवत नाही. बारा बोअरचा बार जवळून मांडीला लागला तर माणूस रक्तस्रावाने जातो.

बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो सरकारी पक्षाइतका कडक नाही. शक्यतांचे पारडे आपल्याकडे झुकले की पुरे. 'दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य' (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेही म्हटले आहे की जीव धोक्यात असलेल्या माणसाकडून सोन्याच्या काट्याने मोजमाप करण्याची अपेक्षा ठेवू नये. तो निकाल मुळातून वाचा.

घोडाचाप
बंदुकीबद्दल कोणीच बोलले नाही. जुनी इंग्लिश दुनाळी असेल तर तिची कोठी (नळीतली काडतूस बसायची जागा) बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची. आजची काडतुसे बहुतेक ७० ची असतात. ती बसतात, आणि त्यामुळेच फसगत होते. ७० हे काडतूस उलगडल्यानंतरचे माप आहे. तोंड उलगडायला पुढे जागा नसली की दाब वाढतो. पुढचा लाकडी भाग काढून नळ्यांच्या खालचे शिक्के बघा, कोठीचे माप बहुधा तिथेच असते. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून जोडलेली जुनी नळी. तिच्यात आजची दारू घालायचीच नाही.

परवान्यावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक जुळतो का, तेही जमा करण्याआधी बघा. जुन्या परवान्यात कधी विक्रेत्याचा क्रमांक चढलेला असतो आणि खरा क्रमांक नळीखाली राहतो. पडताळणीत तो फरक निघाला की काम अडते.

कोकणच्या पावसाळ्यात नळीला आतून खड्डे पडायला एक हंगाम पुरतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, नळी पुसा, आतून-बाहेरून पातळ तेलाचा हात द्या आणि मगच जमा करा. कातडी म्यानात घालून देऊ नका, चामडे ओल धरते. ठाण्याच्या मालखान्यात तेल द्यायला कोणी बसलेले नसते. परवाना मिळायला वेळ लागणार असेल तर विक्रेत्याकडे ठेवा, भाडे पडेल पण नळी वाचेल. कागदी काडतुसे फुगली असतील तर कोठीत कोंबून बघू नका, तशीच जमा करा.

आंबेवाट
आभार. उद्याच अर्ज देतो. परवाना आईच्या नावावर घेतला तर? आणि रानडुकरांचे काय? भात राहत नाही.

टपालवही
आई निकषांत बसत असतील तर घेता येईल. पण मग ती बंदूक फक्त त्यांची. त्या घरात नसताना ती तुमच्या हाती दिसली, तरी तुम्ही विनापरवाना. जो तिथे राहणार आणि वेळ आल्यास वापरणार, त्यानेच अर्ज करावा.

डुकरांसाठी शेतीसंरक्षणाचा परवाना पुरत नाही. रानडुक्कर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. पिकाचे नुकसान दाखवून वनविभागाची लेखी परवानगी आधी हातात हवी, त्यातल्या अटी आणि मुदत पाळायला हवी. मांस घरी आणले तर तो वेगळा गुन्हा.

सत्रन्यायालय
एक भर. हवेत बार काढून हाकलू, असे वाटत असेल तर शस्त्र अधिनियमाचे कलम २५(९) बघा. निष्काळजीपणे गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात आणला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. डुकरांना हाकलण्यासाठी बंदुकीपेक्षा कुंपणाच्या योजनेची कृषी कार्यालयात चौकशी करा.

घोडाचाप
आणि नळी आखूड करून घेऊ नका. 'घरात वळवायला सोपी' म्हणून तसा सल्ला देणारे भेटतात. परवानगीशिवाय नळी कापणे हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ चा भंग, आणि २० इंचांच्या खाली गेली की बंदुकीचा कायद्यातला वर्गच बदलतो.