जंगलातल्या मुंग्या काहीच खात नाहीत, तातडीने मदत हवी आहे

रानवाट: मंडळी, जंगलातून राणीसकट मुंग्या आणल्यात. मध झाला, साखरपाणी झालं, ढुंकून बघत नाहीत. रोज एखादी मरतेय. काय देऊ? लवकर सांगा.

खवचट_खार: कुठल्या मुंग्या? केवढ्या? फोटो? की आम्ही ध्यान लावून ओळखायचं?

रानवाट: बारीक, तपकिरी. फोटोत नुसता ठिपका येतोय.

मनीमाऊ: बोरिक पावडर साखरेत कालवून ठेवा, आठवड्यात सगळ्या साफ!

खवचट_खार: माऊताई, त्यांना जगवायच्या आहेत.

भिंगवाला: सापडल्या कुठे? डोकं पत्त्यातल्या बदामासारखं आहे का? कमरेला पांढरट स्पंजासारखं काही दिसतं?

रानवाट: ओंडक्याखालच्या ओल्या पाचोळ्यात. डोकं बदामच! स्पंजही आहे. हात लावला की मेल्याचं सोंग घेतात.

भिंगवाला: मग या स्ट्रुमिजेनिस गटातल्या मुंग्या. आठशेच्या वर जाती आहेत, नेमकी कुठली ते विचारू नका. यांना जिवंत शिकार लागते, मुख्यतः स्प्रिंगटेल. पाचोळ्यात बोट फिरवलं की टुणकन उडतात ते बारीक किडे. मुंगी जबडे फाकवून इंच इंच सरकते, पुढचे केस शिकारीला लागले की खटकन मिटते. मधाचं तिला काय!

जुनाजाणता: उगाच घाबरवू नका. उकडलेल्या अंड्याचा बलक द्या. माझ्या मुंग्या वर्षानुवर्षं त्यावरच आहेत.

भिंगवाला: काका, तुमच्या सुतार मुंग्या. त्या काहीही खातात.

जुनाजाणता: मुंगी ती मुंगी. पुस्तकं वाचून मुंग्या पाळता येत नाहीत.

टिवटिव: जबड्याच्या वेगाचा विक्रम यांचाच ना?

खवचट_खार: नाही, मुंग्यांमध्ये ड्रॅक्युला मुंगीचा. २०१८ मध्ये मोजला, ताशी ३२० किलोमीटरच्या आसपास. धागा भरकटतोय.

रानवाट: अहो, स्प्रिंगटेल आणू कुठून?

भिंगवाला: त्याच जागचा पाचोळा आणा. डब्यात ओला लाकडी कोळसा घाला, वर चिमूटभर यीस्ट, त्यात ते पाचोळ्यातले स्प्रिंगटेल सोडा. वाढले की थोडे थोडे मुंग्यांना द्या. तोवर पाचोळ्यातलेच वेचून द्या. मुंग्या ठेवल्यात कशात?

रानवाट: काचेच्या बरणीत, कोरड्या वाळूवर. स्वच्छ राहते.

भिंगवाला: वाळू आधी काढा! या ओलाव्यातल्या मुंग्या, तिथे सुकून मरताहेत. प्लास्टर ऑफ पॅरिसचा ओलसर थर द्या, वर कुजक्या लाकडाचे तुकडे.

जुनाजाणता: आणि बलक.