मदत हवी आहे: फळतोडणीच्या कामाला पहिल्यांदाच जातोय, तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी,

येत्या हंगामात फळतोडणीला जाणार आहे. सुरुवात सफरचंदापासून, पुढे जमलं तर त्याच ठेकेदाराबरोबर संत्र्याच्या बागेत. आजवरचं सगळं काम खुर्चीत बसून केलंय, त्यामुळे अंगात तेवढा दम राहील का हीच मोठी काळजी आहे. छातीवर बांधायची तोडणीची पिशवी भरली की 15-20 किलोपर्यंत जाते, आणि ती घेऊन दिवसभर शिडीवर चढ-उतार. सध्या रोज चालतो, पाठीवर वजन घेऊन जिने चढतो. खांदे आणि मनगटासाठी वेगळं काही करावं का?

दुसरं म्हणजे, पैसे क्रेटमागे मिळणार आहेत आणि डागी माल धरणार नाहीत. सफरचंद ओढायचं नाही, वर उचलून हलकं पिळलं की देठासकट सुटतं, एवढं माहीत आहे. ओढाताणीत शेजारची आखूड फळकाडी मोडली तर तिच्यावरचा पुढच्या वर्षीचा डोळा, म्हणजे फळाची कळीही जाते. दुसऱ्याच्या बागेचं असं नुकसान माझ्या हातून अजिबात व्हायला नको. पण हात जपून चालवला तर वेग कसा येतो?

फवारणीबद्दल ठेकेदाराला आधीच विचारलं तर चालतं ना? कुरकुऱ्या म्हणून नाव पडायला नको.

प्रतिसाद

दादा, जिने चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा. पिशवी भरलेली असते ती उतरताना, गुडघे तिथेच बोलतात. मनगटासाठी ओला टॉवेल पिळायचा, दोन्ही दिशांनी.

डाग बोटांच्या टोकांनी पडतात. फळ पूर्ण पंजात घ्या, नखं अगदी बारीक ठेवा. आणि ओतताना पिशवी क्रेटच्या तळाला टेकवूनच खालचं तोंड सोडा. वरून सोडलेला माल त्या वेळी चांगला दिसतो, नंतर काळा पडतो. वेग हात झटझट चालवून येत नाही, शिडी कमी वेळा हलवून येतो. चढण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारून कुठे उभं राहायचं ते ठरवा. तीन पायांची शिडी असेल तर उतारावर तिसरा पाय चढाच्या बाजूला, आणि अगदी वरच्या पायरीवर कधीच उभं राहू नका.

उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे जातात, तेव्हा सुरुवातीला क्रेट मोजत बसू नका. तहानेची वाट न पाहता दर 15-20 मिनिटांनी कपभर पाणी प्या.

प्रतिसाद

संत्र्याचं मी सांगते. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, देठ फळालगत कापायचा. टोक राहिलं तर ते क्रेटमध्ये शेजारच्या फळात घुसतं आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. दव सुकेपर्यंत थांबायचं, कारण ओली, ताठ साल दाबली की तिच्यातलं तेल बाहेर येतं आणि डाग उठतो.

फवारणीचं बेधडक विचारा भाऊ, यात कुरकुर कसली? औषध कोणतं, कधी मारलं आणि लेबलप्रमाणे फवारणीनंतर बागेत न शिरण्याची मुदत संपली का, एवढंच. बाह्या पूर्ण असू द्या, जेवणाआधी साबणाने हात धुवा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. क्रेट केवढा, दर काय, कपात कशाची, हे जायच्या आधी लिहून घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. उतरण्याचा सराव आजपासूनच सुरू करतो. ताई, एक राहिलं: मी डावखुरा आहे. बागेत मिळणारी सिकेटर उजव्या हाताचीच असते का? तसं असेल तर स्वतःची घेऊन जातो.