मदत हवी आहे: निळ्या लाटा बघायला तारकर्ली की देवगड?

नमस्कार मंडळी, येत्या मार्गशीर्ष अमावास्येला आईबाबांना घेऊन बेळगावहून आंबोली-सावंतवाडी मार्गे रात्री चमकणाऱ्या लाटा बघायला जायचं म्हणतोय. नॉक्टिलुका नावाचा बारीक जीव पाणी हललं की उजेड टाकतो, म्हणून अंधारी रात्र आणि दिव्यांपासून लांबचा किनारा पाहिजे, पण रोज दिसेलच असं नाही ना, तर तारकर्ली बरं की देवगड? ओल्या वाळूत पाय टाकला की पावलाभोवती निळं उमटतं म्हणे, तेवढं तरी आईला दाखवायचंच आहे. बाबांचे गुडघे दुखतात, गाडी किनाऱ्याजवळ जाईल असं ठिकाण सुचवा. तिकडं ओळखीचं कुणी असेल तर आत्ता दिसतंय का तेवढं विचारून सांगा प्लीज, मगच रूम बुक करतो.