पॅलेस्टाईनच्या शेतकऱ्यांशी परदेशी शेतकऱ्यांची भागीदारी: खरंच उपयोग होतो की नुसतं समाधान?

बांधावरून
मंडळी, पॅलेस्टाईनचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मिनिटांत हमास, नेतन्याहू, नेहरू सगळे बाहेर येतात आणि तिथे शेती करून पोट भरणारी माणसंपण आहेत हे कोणाच्या लक्षात राहत नाही. मला फक्त शेतीवर बोलायचंय. वेस्ट बँकेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी, बहुतेक बागा कोरडवाहू, डोंगरउतारावर दगडी बांध रचून केलेल्या. २००४ ला जेनिनजवळ बुर्किनमध्ये कनान फेअर ट्रेड सुरू झालं, त्याच वर्षी इंग्लंडात झैतून नावाची सामाजिक कंपनी. लहान शेतकऱ्यांचं तेल गोळा करायचं, सेंद्रिय सर्टिफिकेट काढायचं, बाहेर विकायचं. २००९ मध्ये जगातलं पहिलं फेअरट्रेड शिक्क्याचं (म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव दिल्याची खूण असलेलं) ऑलिव्ह तेल आलं ते ह्याच वाटेने. शिवाय यूएडब्ल्यूसी ही तिथली १९८६ पासूनची शेतकऱ्यांची संस्था ला व्हिया कांपेसिना ह्या लहान शेतकऱ्यांच्या जागतिक संघटनेत आहे, म्हणजे ब्राझीलचे भूमिहीन, कर्नाटकातला रयत संघ आणि हे लोक एकाच संघटनेत.
माझं मत: ठराव, निवेदनं, झेंडे ठीक आहेत, पण खरी साथ म्हणजे दरवर्षी ठरल्या भावाने माल उचलणं. बाकी सगळं फोटोपुरतं. बोला.

ठिबकवाला
माल उचलणं म्हणे! तेल जाणार कुठून? नाका इस्रायलचा, बंदर इस्रायलचं, त्यांनी अडवलं तर तुमची साथ गोदामात पडून. आणि एक सांगतो, राग मानू नका. आपल्या शेतकऱ्याला ठिबक कोणामुळे कळलं? जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ ला इस्रायलच्या नानदान ह्या ठिबक कंपनीत अर्धा हिस्सा घेतला, नंतर सगळीच घेतली. दापोलीला आंबा, राहुरीला डाळिंब, नागपूरला संत्र्याचं केंद्र, सगळं इस्रायलच्या मदतीने. आपण कोणाशी भागीदारी करायची हे भावनेवर नाही, फायद्यावर ठरवावं.

मधुरा_लंडन
ठिबक चांगलं आहे म्हणून दुसऱ्याच्या बागेवर बुलडोझर गेला तरी गप्प बसायचं का? दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना. मी इथे ते तेल घेते, महाग आहे, रोजच्या फोडणीला परवडत नाही. पण भाव का महत्त्वाचा ते सांगते, कारण ते इथल्या लोकांनापण नीट माहीत नसतं. १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्यात असं होतं की सलग तीन वर्षं जमीन पडीक ठेवली की हक्क जाऊ शकतो. तो जुना कायदा इस्रायलने साधारण १९८० पासून वापरून वेस्ट बँकेतल्या भरपूर जमिनी सरकारी ठरवल्या आणि त्यातल्या पुष्कळ तिथे वसवलेल्या इस्रायली वसाहतींना गेल्या. म्हणजे तिथे पीक उभं असणं हाच कागद. तेलाला खर्च निघण्याइतकाही भाव नसेल तर माणूस बाग सोडून मजुरीला जाणार आणि जमीन पडीक दिसणार. दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे २००० नंतरच्या पॅलेस्टिनी उठावाच्या वेळी नाकाबंदीत तेल गावाबाहेरच जात नव्हतं, त्या काळातून ह्या संस्था उभ्या राहिल्या. माझ्या दृष्टीने बाटली विकत घेणं म्हणजे जमीन वहिवाटीत ठेवायला हात लावणं. सात-बाऱ्यावर पीकपाहणी लागली नाही तर काय होतं हे इथल्या प्रत्येकाला कळेल.

कोरडवाहू_खातेदार
मधुराताई, कायद्याचा मुद्दा चोख आहे पण अर्धाच सांगितलात. पीक उभं असलं तरी तोडायला जाऊ दिलं तर ना! इस्रायलने बांधलेल्या भिंतीपलीकडच्या बागांना लष्कराचा परवाना लागतो, गेट वर्षातले ठरावीक दिवस उघडतं. २०२३ च्या हंगामात युनोच्या आकड्यांप्रमाणे सुमारे ९६,००० दुनम ऑलिव्ह तोडलंच गेलं नाही, एक दुनम म्हणजे १,००० चौरस मीटर, हिशोब करा, चोवीस हजार एकराच्या आसपास. २०२५ च्या ऑक्टोबरात वसाहतवाल्यांचे २६० पेक्षा जास्त हल्ले नोंदले गेले, २००६ पासून नोंद ठेवतात त्यातला तोवरचा सगळ्यात वाईट महिना. आता सांगा, लंडनमध्ये चांगला भाव मिळाला म्हणून काठी घेऊन उभा असलेला माणूस बाजूला होतो का? भाव ही बाजारातली गोष्ट आहे आणि ह्यांचा प्रश्न बाजारातला नाहीच. म्हणून म्हणतो, तेल विकणाऱ्यांपेक्षा तोडणीच्या वेळी शेजारी उभे राहणारे परदेशी जास्त कामाचे. कॅमेरा बघून निदान थोडा तरी विचार करतात.

ठिबकवाला
आणि त्या परदेशी लोकांना पुढच्या वर्षी विमानतळावरूनच परत पाठवतात. चालू द्या.

सातारी_कंदी
यूएडब्ल्यूसीचं नाव सहज घेतलंत म्हणून विचारतो, ऑक्टोबर २०२१ मध्ये इस्रायलने ज्या सहा संस्थांना दहशतवादी ठरवलं त्यात ही आहे, माहितीये ना? नेदरलँडने चौकशी करून २०२२ च्या जानेवारीत मदत बंद केली. उद्या तुमच्या शेतकरी गटाने ह्यांना पैसे पाठवले आणि बँकेने खातं गोठवलं तर जबाबदार कोण? सचिव बिचारा.

बांधावरून
माहितीये. डच चौकशीत काही कर्मचाऱ्यांचे पीएफएलपी ह्या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेशी वैयक्तिक संबंध निघाले हे खरं, पण संस्थेमार्फत तिकडे पैसा गेल्याचा पुरावा निघाला नाही हेही त्याच चौकशीत आहे. आणि २०२२ च्या जुलैत जर्मनी, फ्रान्स धरून युरोपातल्या नऊ देशांनी सांगितलं की इस्रायलने ठोस काही दाखवलेलं नाही, आम्ही काम चालू ठेवणार. तरी तुमची सचिवाची भीती खोटी नाही. म्हणूनच मला देणगीपेक्षा व्यवहार बरा वाटतो, बिल असतं, माल असतो, बँकेला दाखवायला कागद असतो.

कलमवाला_रत्नागिरी
व्यवहारावर माझा एक सरळ प्रश्न आहे आणि तो राजकारणाचा नाही. ऑलिव्हपण आपल्या हापूससारखं, एक वर्ष लगडतं आणि पुढच्या वर्षी हात आखडता. त्यात पाऊस कमी झाला की संपलंच. मग लिटरवर भाव देणारा व्यापारी, फेअर असो की अनफेअर, वांझ वर्षी शेतकऱ्याला काय देतो? आधी पैसे देऊन ठेवतो का? नसेल तर त्याला धंदा म्हणा, साथ म्हणू नका. आम्ही मुंबईच्या दलालाचा आगाऊ घेऊन घेऊन शहाणे झालोय, त्यामुळे आगाऊ देणाराही कोण आहे ते बघावं लागतं 😅

मधुरा_लंडन
दादा, हा आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा प्रश्न. जपानमधलं एक उदाहरण आहे. फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटावर ऐंशीच्या दशकात साखरेचा भाव कोसळला, उसावरचे मजूर उपाशी मरायला लागले, तेव्हा जपानी ग्राहक सहकारी संस्थांनी आधी त्यांची गुळासारखी साखर आणि मग केळी घ्यायला सुरुवात केली. त्यातून अल्टर ट्रेड जपान उभी राहिली आणि २००४ पासून तीच संस्था पॅलेस्टाईनचं तेल आणते, यूएडब्ल्यूसीसारख्या संस्थांकडूनच. तिथे घेणारा म्हणजे एकटं गिऱ्हाईक नाही, सभासद असलेली संस्था आहे, भाव चढला तरी लगेच दुसरीकडे पळत नाही. माझ्यासारखी दुकानातून बाटली उचलणारी आणि हे ह्यात फरक आहे, मान्य.

कोरडवाहू_खातेदार
हे सगळं वेस्ट बँकेचं चाललंय. गाझाचं काय? युनोच्या अन्न आणि शेती संघटनेने, एफएओने, २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की तिथली फक्त दीड टक्का शेतजमीन पोहोचता येण्यासारखी आणि धड उरली होती. तिथून उचलायला मालच नाही, मग तुमच्या व्याख्येप्रमाणे गाझाच्या शेतकऱ्याला साथ द्यायचीच नाही असं झालं.

बांधावरून
नाही तसं नाही, तिथे मात्र बी लागेल, अवजारं, पाण्याचे पाईप, आणि ते देणगीतूनच येणार, तेवढी माघार घेतो. बियाण्याचं कामपण चालू आहेच, यूएडब्ल्यूसीने २०२४ च्या ऑक्टोबरात नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या, जगभरचं बियाणं जपून ठेवणाऱ्या बीजकोठारात भाज्या आणि कडधान्यांचं आपलं देशी बियाणं ठेवलं. बरं झालं ठेवलं, कारण ३१ जुलै २०२५ ला हेब्रॉनमधला त्यांचा बीजोत्पादन विभाग इस्रायली सैन्याने बुलडोझर लावून पाडला.

ठिबकवाला
बीजकोठारात ठेवलं ते छान. परत आणताना कस्टम कोणाचं? सीरियातल्या अलेप्पोची बीज पेढी युद्धात हातची गेली, त्यांनी २०१५ ला स्वालबार्डमधून बी काढलं आणि लावलं कुठे, तर लेबनॉन आणि मोरोक्कोत. अलेप्पोत नाही.

कलमवाला_रत्नागिरी
पण लावलं तर. बी वाढवून पुन्हा साठा करायला दुसऱ्या देशातली जमीन मिळाली हेच कामाचं. भूमध्य हवामानाचा एखादा शेतकरी गट, इटली म्हणा ग्रीस म्हणा, चार गुंठे ह्यांच्या बियाण्यासाठी राखतोय का? कोणाला माहिती असेल तर लिहा, मला तेलापेक्षा त्यात जास्त रस आहे.